नानांना उचलणाऱ्या मावशी

अंथरुणातून उठवता येणार नाही असा माणूस अजून जन्माला आलेला नाही, असं आमच्या मावशींचं ठाम मत होतं. आमच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांना, नानांना सांभाळायला कोपरखैरण्याच्या घरात चार वर्षं राहिलेल्या. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण पहिल्याच दिवशी चपला काढता काढता त्यांनी मला सूनबाई म्हणून टाकलं आणि नात्याचा निकाल लागला. गाव साताऱ्याकडचं, आवाज चार बांध ओलांडून जाईल असा. पक्षाघातानं नानांची डावी बाजू गेली होती, बोलणं दोन-तीन शब्दांवर आलं होतं. मावशी दोघांच्या वाटचं एकट्याच बोलायच्या आणि वर मला सांगायच्या, की आज नाना लई बोलले. शिस्त तर विचारू नका. टोपी घातल्याशिवाय नानांना पलंगावरून खुर्चीत हलवायचं नाही, हा त्यांचा कायदा. "उघड्या डोक्याचा माणूस आजारी दिसतो," म्हणायच्या. टोपी वाळली नाही म्हणून आम्ही एकदा डॉक्टरांची वेळ चुकवली आहे.

इस्रायलमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या घरी राहून त्यांना सांभाळायला बायका हव्यात, हे त्यांना खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंकडून कळलं. नवरा नव्हता, पोरगी नर्सिंगला होती, तिचं पुढचं सगळं ह्यांच्याच जिवावर. तिकडे जायच्या परीक्षेसाठी मावशींनी वाशीच्या क्लासला नाव घातलं आणि आमच्या घरात पेशंट उचलायचा सराव सुरू झाला. सरावाला माणसं लागत. माझा नवरा झाला, वॉचमन झाला, मग सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंगची नोटीस द्यायला आले ते पाच मिनिटांत दिवाणावर आडवे. बिचारे, मला चालता येतं हो, असं शेवटपर्यंत सांगत होते. मी हसत होते खरी, पण आता लपवून काय करायचं, ह्या बाई नापास व्हाव्यात म्हणून मी देवापुढे खडीसाखर ठेवली होती. त्या गेल्या तर नानांचं कोण करणार? मी? मला तर त्यांना नुसता हात लावायचीही भीती वाटायची. हातून पडले म्हणजे?

परीक्षेत पलंगावर पेशंट म्हणून एक परीक्षकच झोपले होते. पाच मिनिटांत त्यांना खुर्चीत बसवायचं होतं. मावशींनी त्यातली तीन मिनिटं टोपी शोधण्यात घालवली. मिळेना तेव्हा स्वतःचा रुमाल झटकून त्यांच्या डोक्याला बांधला आणि मगच उचललं. घरी येऊन म्हणाल्या, परीक्षा गेली, पण सूनबाई, त्याला टक्कल होतं हो, तसंच कसं बसवायचं? मी तोंड पाडून सांत्वन केलं आणि आत जाऊन देवाला नमस्कार केला. आठवड्यानं निरोप आला, पास. वेळ चुकली, पण पेशंटकडे माणूस म्हणून पाहणारी ही एकटीच, असा परीक्षकांनी शेरा दिला होता. असतात एकेक लोक.

तीन दिवस मावशी नानांना सांगेनात. चौथ्या दिवशी खुर्चीशी खाली बसून म्हणाल्या, "नाना, तुमी नको म्हणला तर मी न्हाय जात." मी दाराशी उभी. लाज वाटते सांगायला, पण नानांनी नको म्हणावं म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते. नानांनी उजवा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "जा."

उरलेले पंधरा दिवस त्यांनी मला शिकवलं. गुडघे वाकव, पाठ नको, आधी त्यांचा हात मानेभोवती घे. रोज परीक्षा घेतली आणि रोज नापास केलं. जाताना डोळे पुसत पुसतसुद्धा, तुला अजून जमत नाही, हे सांगून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर इतकं गप्प होतं की मला रडूच आलं. नानांच्या पलंगाशी जाऊन त्यांची टोपी दोनदा सारखी केली, पण उचलायला पुढे होईना. नानांनी ते पाहिलं. मग उजवा हात आपणहून माझ्या मानेभोवती घातला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "घाबरू नको. तिलापण... मीच शिकवलं."

मग मी त्यांना उचललं.