तिच्या अंगावरून

‘उतरा रं. तिचे अंगाव बसून जाव नका.’

टिटवाळ्यापलीकडच्या जुन्या दगडी पुलाच्या तोंडाशी काठी आडवी धरून तिथल्या गावची एक आजी प्रत्येक गाडीला हे सांगायची. त्या रस्त्याने गेला असाल, तर तुम्हालाही तिने उतरवलं असेल. नवरीची गाडी असली तरी माणसं चालत आणि गाडी रिकामी. चालक कुरकुरायचे, पण ऐकायचे.

पूल बांधताना मधली कमान सारखी ढासळायची, म्हणून एका सुनेला तिथे जिवंत चिणलं, अशी गावातली गोष्ट. आजी तिला ‘पोर’ म्हणायची. दिवाळीत मधल्या कमानीवरच्या कठड्याला तेल-उटणं लावायची. ‘म्हायेरचा कोन हाय तिला?’

मी पुलांची तपासणी करणारा इंजिनीयर. मला हसू यायचं. ‘आजी, आमच्यापेक्षा तुमचीच तपासणी कडक,’ असं मी चिडवायचो. ‘तू तुजा लिव,’ म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात नव्या इमारतींच्या खडीचे डंपर सुरू झाले. ते तिच्या काठीला जुमानत नव्हते. एका दुपारी तिने मला मनगटाला धरून नेलं आणि मधल्या कठड्याला कान लावायला लावला. डंपर गेला. आत दगडावर दगड घासल्याची बारीक करकर आली.

‘पोर कन्हतंय. आईकलास ना? लिव.’

मी ऐकलं होतं. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘तडा दिसतोय का? मग? आवाजाला फॉर्मात रकाना आहे का?’ मी ‘पूल सुस्थितीत’ लिहून सही केली. भांडायला हवं होतं. पण तेव्हा बदली नको होती, एवढंच.

पुढच्या खेपेला तिने विचारलं, ‘लिवलास?’ मी होकारार्थी मान हलवली. तिने खूश होऊन मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. मी ती खाल्ली, याची मला आजही लाज वाटते.

माघात आजी गेली. तिची काठी कुणी उचलली नाही.

गेल्या रविवारी सुट्टी असूनही मी पुलावर गेलो. समोरून वऱ्हाडाचा टेम्पो आला, माणसांनी खच्चून भरलेला. मी हात आडवे करून उभा राहिलो.

‘उतरा. सगळे चालत जा.’

चालकाने डोकं बाहेर काढलं. ‘काका, म्हातारी गेली ना आता? आणि पूल फिट आहे. सरकारी इंजिनीयरने सही करून दिलीय.’

‘माहीत आहे,’ मी म्हणालो. ‘ती सही माझीच आहे. उतरा.’