मॅडमच्या हातावरचं दही

मंडळी, आत्ताच घरी आलेय. कुणाशी बोलावं कळेना, म्हणून इथेच लिहितेय.

माझी लेक सई इथे आखातात, अल नहदा भागात एका रोमानियन मॅडमकडे व्हायोलिन शिकते. मॅडमची नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल झाला. उद्या त्या परत जातायत. आज शेवटचा क्लास होता.

सईने त्यांची लाडकी धून घेतली. रोमानियात ती घराघरात ऐकतात म्हणे. संगीतकार नजरकैदेत असताना त्याने ती लिहिली आणि तिशीही न गाठता बिचारा गेला. सई अर्ध्यातच थांबली. "आय कान्ट, मॅम."

निघताना मी डब्यातून नेलेलं दही मॅडमच्या तळहातावर ठेवलं. म्हटलं, आमच्यात प्रवासाला निघालेल्या माणसाला देतात, म्हणजे तो सुखरूप परत येतो. त्या दही खाता खाता रडायलाच लागल्या.

सई चिडली. "आई, स्टॉप! शी कान्ट कम बॅक."

त्या संगीतकाराला घर सोडायला बंदी होती. आपल्याला इथे घरात राहायचीच परवानगी मुदतीची, नोकरी असेपर्यंतची.

नवऱ्याच्या ऑफिसात या महिन्यात लेऑफ चालू आहेत. सईला सांगितलेलं नाही. तरी गाडीत तिने विचारलंच, "व्हेन इज अवर टर्न?"

मी नुसता एसी वाढवला. तुम्ही काय सांगता हो मुलांना?