मालनची एक नंबर माती

मालनचं अर्धं आयुष्य माती परत आणण्यात गेलं. तिचं भातशेत उतारावर. दर पावसाळ्यात दगडी बांध ढासळायचा आणि लाल माती वहाळातून पूर्णगडच्या खाडीकडे निघायची. वहाळाच्या काठाला जी अडकेल ती मालन उन्हाळ्यात घमेल्याने पुन्हा वर चढवायची. नवरा हरिश्चंद्र हात लावायचा तोवर निभलं. आता त्याचे गुडघे गेले, आणि मुलगा दर्शन मुंबईहून फोनवर म्हणतो, "सोडून दे गो आये." सोडून दे म्हणायला काय जातं!

यंदा मात्र माती राखायचं धोरण दिल्लीहून निघून कृषी सहायकाच्या दुचाकीवरून एकदाचं वाडीत पोचलं. ज्यांच्या जमिनीचा कस गेलाय, त्यांना पक्का बांध बांधून मिळणार होता. सहायकाने माती तपासायला थैल्या वाटल्या. "काकी, शेतातली असेल तशीच माती भरा. शेणखत लागू देऊ नका," असं त्याने चांगलं बजावलं.

मालनने माती खणली आणि तिचं तिलाच ओशाळं वाटलं. नुसते खडे नि रेव. चार शिकलेली माणसं थैली उघडणार, नावं ठेवणार. दाखवायची पोर कोणी पारोशी पुढे करतं का? तिने खडे वेचले, गोठ्यामागच्या गायरीतलं मुरलेलं काळं खत मूठमूठ मिसळलं आणि थैली भरून दिली.

महिन्याभराने सहायक हसतच अंगणात आला. "काकी, सगळ्या वाडीत तुमची माती एक नंबर! तुम्हाला बांधाची गरजच नाही. तो खालच्या जनीकाकींना देऊ."

बांध हातचा गेला, हे मालनला कळलं. तरी तोंडावर हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना. "चाय घेवन जावा," एवढंच ती म्हणाली.

तो गेल्यावर हरिश्चंद्र कातावला. "खुळी काय गो तू? खत घातलंय म्हनून सांगायचं ना तेला! परत माती नेलान असती."

खरंच होतं ते. एक वाक्य बोलली असती तर बांध मिळाला असता. मालन उंबऱ्यावर टेकली. कंबर, खांदे, सगळंच दुखत होतं. फार थकली होती बाई.

"अवो, चाळीस वर्सां ती माती डोक्यावरनं वायली," ती म्हणाली. "तिला बरी म्हननारा ह्यो पयलाच मानूस. तेच्या तोंडावर ती आमची न्हाय म्हनून कशी सांगू?"