यशवंतकाकांचे तळवे

देवळात यशवंतकाका एक पाय चपलेत ठेवूनच नमस्कार करत, कारण त्यांची एक जोडी तिथून गेली होती. पण कुणाच्या घरचा कोबा बघायला गेले की चपला फाटकाबाहेर काढत. मग हात पाठीमागे, डोळे मिटलेले, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालणं. मध्येच थांबत आणि टाच दाबून म्हणत, "इथं दोन सूत खाली आहे." कुणी हौशीने दोरी लावून बघितलं, तर दोन सूतच, म्हणजे पाव इंचच, निघे.

आडनाव जाधव. पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले, असं ते सांगत. त्यांच्या वाट्याला मात्र तलवारीऐवजी बिर्लानगरमधल्या कापड मिलचा माग आला. मिल बंद पडली तेव्हा ते तिशीत होते. हातात थापी घेतली आणि गवंडी झाले. पुढची तीस वर्षं शहराच्या लष्कर आणि मुरार या भागांत त्यांनी किती घरांचे कोबे केले याचा हिशेब त्यांनाही नव्हता. "अहो भैयासाहेब, जमीन सगळ्यांना उल्लू बनवते, तळव्याला नाही," हे त्यांचं वाक्य मी इतक्या ठिकाणी सांगितलंय की काही लोकांना ते माझंच वाटतं.

मला गोष्टी सांगायची खोड आहे. बायको म्हणते, तुमच्या पोटात फक्त जेवण राहतं, तेही जेमतेम.

हरिशंकरपुरममधल्या आमच्या घराचा फाटकापासून दारापर्यंतचा कोबा पहिल्यापासून ओबडधोबड होता. आईला वॉकर आला आणि तो दर दोन पावलांवर अडकू लागला. मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला, सिमेंटची गोणी आणली आणि एका रविवारी स्वतःच कामाला लागलो. संध्याकाळी दारापुढे चंबळच्या घळींचे बीहड तयार झाले होते. आईने खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "आता मी घरातच राहीन हो, तू दमू नकोस." तेव्हा काकांना फोन केला.

जूनची सुरुवात होती, सकाळी नऊलाच लूचा गरम वारा सुटायचा. मी तीन-चार शेजाऱ्यांना पोह्यांना बोलावलं होतं. यशवंतकाकांचे पाय बघायला या, असं सांगून. मदारीसुद्धा इतकी तयारी करत नसेल. काकांनी माझे बीहड फोडले, नवा थर धरावा म्हणून जुन्या कोब्याला टाचे मारले, झाडून पाणी मारलं. मग त्यांनी पिशवीत हात घातला. पातळी बघायची एक पिवळी पाणसळ अर्धी बाहेर आली. नवीकोरी, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली.

"अहो काका, तुम्हाला कशाला हवी ती?" मी सगळ्यांसमोर म्हटलं. शेजारी हसले.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि पाणसळ परत आत सारली. चपला काढल्या, डोळे मिटले आणि चालले. त्या अंदाजाने चारी कोपऱ्यांत सिमेंटचे ठोकळे बसवले, त्यावर दोरी ताणली आणि दुपारपर्यंत थर घालून, फळीने ओढून, घोटून काम संपवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येऊन त्यावर चालले. कोबा तापलेला होता, पण त्यांनी टाच एकदाही उचलली नाही. मला वाटलं, ही खरी तपश्चर्या. शेजाऱ्यांनी कुंपणापलीकडून वाहवा केली आणि आपापल्या कामाला गेले.

मग बायकोने बादलीभर पाणी टाकलं. पाणी क्षणभर थांबलं आणि दाराकडे निघालं. उंबऱ्याशी येऊन साचलं.

"परत टाका," काका म्हणाले. दुसरी बादलीही तिकडेच गेली. "घरात पाहुणा यावा, पाणी नाही," हेही त्यांचंच वाक्य. ते मला नेमकं तेव्हा आठवलं. बायको एकदम म्हणाली, काका, तुमचा पाय. नव्या कोब्यावर तांबडे ठिपके होते, फाटकापासून त्यांच्या टाचेपर्यंत. टाचेत एक खिळा होता, जुन्या फळीतून निघालेला. काकांनी पाय उचलून बघितला, दुसऱ्याचा पाय बघावा तसा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. पहिल्यांदा अंगठ्याला काही कळेनासं झालं. साखर तर जुनीच आहे माझी. मला वाटलं, थंडी आहे. ग्वाल्हेरच्या थंडीत सगळ्यांचेच पाय बधीर होतात." खिळा ओढताना त्यांचा चेहरा हलला नाही. "मग उन्हाळा आला."

बायकोने पट्टी बांधली. ते म्हणाले, वहिनी, हे आपल्यातच राहू द्या. माझं नाव पायावर चालतं. त्या वेळी सगळ्यात जोरात मान मी हलवली.

तीन आठवड्यांनी चुलतभावाच्या घरी मुंज होती. पंगतीत यशवंतकाकांचा विषय निघाला आणि मी गोष्ट सांगितली. वाईट हेतूने नाही, जीव लावून सांगितली. दाराकडे येणारं पाणी, तांबडे ठिपके, "मग उन्हाळा आला". तिथेच थांबलो, कारण त्याच्यापुढे गोष्ट नेली तर तिचा परिणाम जातो, हे मला अनुभवाने ठाऊक आहे. समोरच्या ओळीत काकांना नेहमी काम देणारा ठेकेदार जेवत होता, हे मला ताक वाढायला आलेल्या मुलाने नंतर सांगितलं.

पावसाळ्यानंतर काकांना कामं येईनाशी झाली. टाचेची जखमही भरली नाही. दसऱ्यानंतर मी बिर्लानगरला गेलो, तेव्हा ते खाटेवर पाय उशीवर ठेवून बसले होते. बराच वेळ आम्ही सिमेंटच्या दर्जावर बोललो. मग म्हणाले, ठेकेदार घरी येऊन गेला, भला माणूस आहे, तोंडावर सांगून गेला. मी माफी मागू लागलो.

"नाही हो, जे झालं ते सांगितलंत. पायांत आता ते राहिलं नव्हतं, खरंच होतं," ते म्हणाले. "पण नंतरचं का नाही सांगितलं, भैयासाहेब? त्याच्यात मी काय वाईट केलं होतं?"

पौषात ते गेले. तेराव्याला त्यांच्या मुलाला मी सगळं सांगितलं. तो मला म्हणाला, काका, आता कुठे सांगायचं ते सांगा, पण पूर्ण सांगा.

तर नंतरचं असं. पट्टी बांधून झाल्यावर काका घरी गेले नाहीत. फाटक लावून घ्यायला सांगितलं. पायात माझ्या रबरी चपला घातल्या आणि आदल्या दिवशीचा आपलाच थर छिन्नीने फोडायला बसले. मजूर आणतो म्हटलं तर नको म्हणाले. मला फक्त तुकडे उचलायला ठेवलं, त्या कामाला माझी लायकी पुरेशी होती. मग पाणसळीचं वेष्टन दातांनी फाडलं. तिच्यातला बुडबुडा त्यांना दिसेना. आई दारात खुर्चीवर बसली होती, तिने आपला चष्मा काढून दिला. आईचा जाड काचांचा चष्मा नाकावर घेऊन, गुडघ्यांवर सरकत, हातभर जागेत दोनदोनदा पाणसळ ठेवत त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळा कोबा नव्याने केला. पुढचे दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः पाणी मारायला आले.

पाचव्या दिवशी बादली ओतली. पाणी सरळ फाटकाकडे गेलं, नालीत पडलं. काकांनी आईसमोर वॉकर ठेवला आणि म्हणाले, चला आई. आई दारापासून फाटकापर्यंत गेली, एकटी, आणि वळून परत आली.

"यशवंता, कुठेच अडकलं नाही रे."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या आणि तिच्या हातात दिला.