‘तो’ की ‘ते’?

दादरच्या आमच्या वाचनालयात खिडकीजवळच्या टेबलाशी एक गृहस्थ रोज लॅपटॉप घेऊन बसत. केस पांढरेशुभ्र, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात ते एका जर्मन संगीतकाराचं चरित्र सुधारत होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. एकदा त्यांनीच मला खुणेनं बोलावलं.

“हे बघा,” ते कुजबुजले, “सुरुवातीला हा पाळण्यात आहे. ‘ते पाळण्यात रडत असत’ बरं दिसतं का? म्हणून ‘तो’. पण शेवटी एवढ्या थोर माणसाला ‘तो वारला’ म्हणायचं? मग ‘तो’चा ‘ते’ करायचा कुठे?”

“लग्नानंतर करा,” मी म्हटलं.

“लग्नच केलं नाही हो त्यानं! म्हणजे, त्यांनी.”

“मग पहिली सिंफनी वाजली तेव्हापासून?”

“ती साफ आपटली.”

आठवडाभर ते ‘तो’ पुसून ‘ते’ लिहीत, पुटपुटत वाचून बघत आणि मान हलवून पुन्हा ‘तो’ करत. मग एका संध्याकाळी त्यांचा चेहरा उजळला.

“सापडलं! आई गेली, त्याच्या पुढच्या वाक्यापासून ‘ते’. घरात ‘अरे’ म्हणणारं माणूस उरलं नाही, की मगच पुरुष मोठा होतो.”

मला ते पटलं. थोडं गलबलूनही आलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि पलीकडचा थरथरता, पण खणखणीत आवाज सगळ्या वाचनालयानं ऐकला.

“अरे, कुठे उलथलास? कोथिंबीर आणायला पाठवलं होतं ना तुला?”

“आलो, आई, आलो!” म्हणत त्यानं लॅपटॉप मिटला आणि पिशवी उचलून तो पळाला.