टाकीतल्यांना डाळ नाही

माझ्या अक्काच्या घरी कुणाच्या पानात नुसता भात पडलेला मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आधी भात, लगेच त्यावर डाळ, डाळीवर तूप, आणि तुम्ही पुरे म्हणालात की आणखी एक पळी. तंजावूरच्या आम्हा मराठी लोकांत अर्धं बोलणं तमिळ झालं, पोरांना देवनागरी वाचता येत नाही, पण पाहुण्याला कोरडा भात वाढायचा नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ ह्यातूनच झाला.

अक्का तिरुवैयारुच्या रस्त्यावर उकड्या तांदळाची गिरणी चालवते. भावजी गेल्यापासून एकटीच. उकड्यासाठी साळ हौदात भिजत घालावी लागते, आणि ते भिजवणीचं पाणी शिळं झालं की नाक दाबून पळावं असा वास सुटतो. ते सगळं मागच्या पाटात जायचं. शेतकऱ्यांनी तक्रार केली, सरकारी साहेब येऊन बजावून गेले, पाण्याची सोय करा, नाहीतर गिरणीला टाळं. परदेशातल्या मुलानं फोनवर निकालच देऊन टाकला, "विकून टाक अम्मा. लग्नाचा कल्याणमंडप बांधणारे कधीचे विचारतायत."

त्या दुपारी अक्का माझ्याकडे आली आणि पाणीसुद्धा प्यायली नाही. "गिरणी गेली तर सकाळी उठून मी करू काय गं?" एवढंच म्हणाली.

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. म्हटलं, "तुझ्या त्या घाणीचं प्लास्टिक करून दाखवते. पाणीही साफ होईल."

"अय्यो, ऐका हिचं!" अक्का हसली. पण मी फुशारकी मारत नव्हते. काही जिवाणू असे असतात की त्यांना पिष्ट भरपूर दिलं आणि प्रथिनं तोडली, तर ते वाढायचं थांबतात आणि आलेलं सगळं अंगात साठवू लागतात. आपण उन्हाळ्यात बरण्या भरतो तसं. ती साठवण म्हणजेच एक प्रकारचं प्लास्टिक, मातीत पुरलं की कुजून जाणारं. ह्यात जादू नाही, आणि मला ते करता येतं. एका डेअरीची जुनी स्टीलची टाकी आणली, गिरणीमागच्या शेडमध्ये बसवली, हवा सोडायला पंप लावला. जिवाणूही परके नव्हते, अक्काच्याच गटाराच्या चिखलातून निवडून कॉलेजात वाढवलेले.

अक्काला समजावं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगितलं, "आधी सगळं द्यायचं. मग भात पोटभर, पण डाळ बंद."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. नुसता भात."

"नुसता भात," असं पुटपुटत ती घरात गेली. मला वाटलं, पटलं.

पहिली खेप साफ वाया गेली. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंची नुसती जत्रा, पण एकाच्याही पोटात प्लास्टिकचा दाणा नाही. वर टाकीला पूर्वीपेक्षा भयंकर वास. मी पंपवाल्याला फोनवर झापलं, कॉलेजातल्या तराजूवर संशय घेतला, टाकी धुवायला लावली आणि दुसरी खेप सुरू केली. आणि एका सकाळी कॉलेजला जाताना गिरणीत डोकावले.

अक्का जेवणाआधी कावळ्याला घास ठेवत होती. तो इथे घरोघरी ठेवतात, पितर येतात म्हणून. शेडच्या भिंतीवर भात, वर डाळ, तूप. "का, का" करून कावळ्याला बोलावलं, आणि तेच डाळीचं भांडं घेऊन बाई शेडमध्ये शिरल्या, टाकीचं झाकण उचललं आणि भांडं ओतलं.

"अक्का!"

"काय झालं एवढं बोंबलायला? पातळ तर आहे. कावळ्याला देते, मग ह्यांना नको? माझ्यासाठीच राबतायत ना बिचारे? नुसता भात कुणी घालतं का?"

"डाळ मिळाली की ते खाऊनपिऊन पोरं काढत बसतात! साठवत काही नाहीत. ज्याला उद्याची धास्ती असते तोच साठवतो!"

अक्का पोत्यावर बसली. चेहरा उतरला होता. "म्हणजे माझ्याच डाळीनं माझी गिरणी बुडत होती."

"बुडत नाही. मी आहे ना? तू फक्त ती पळी खाली ठेव."

तिनं ठेवली. आम्ही परत पहिल्यापासून सुरुवात केली. डाळ तोडायची वेळ आली तेव्हा एका दुपारी मी तिच्याकडे जेवायला बसले, तर माझ्या पानात सगळं, आणि तिच्या पानात भात आणि मीठ.

"हे काय?"

"त्यांना नाही, तर माझ्या घशाखाली कशी उतरेल?"

"वेडी आहेस," मी म्हटलं. पण भरून आलं मला, खोटं कशाला बोलू. टाकीची डाळ बंद होती तोवर तिनंही डाळ तोंडाला लावली नाही.

या वेळी प्रत्येक जिवाणू दाण्यांनी गच्च भरलेला निघाला. साहेब आले, पाण्याचा नमुना घेऊन गेले, आणि तो पास झाला. गिरणी चालू ठेवायची परवानगी मिळाली. मी कॉलेजात त्या दाण्यांची पांढरी भुकटी काढून गरम दाबाखाली तिचा एक पातळ प्लास्टिकचा पत्रा केला आणि अक्काच्या हातात दिला. तिनं तो उन्हात धरून पाहिला, वाकवून पाहिला, आणि तिथूनच मुलाला फोन लावला, "मंडपवाल्यांना म्हणावं, दुसरी जागा बघा."

फोन ठेवून ती उत्साहानं उठली. "आता टाकीतल्यांना डाळ द्यायला हरकत नाही ना?"

मी म्हटलं, "अक्का, ते नाहीत आता. भुकटी काढायची तर त्यांना फोडावं लागतं. पुढच्या खेपेचं विरजण कॉलेजात आहे. पण हे संपले."

"सगळे?"

"सगळे."

ती आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती भात आणि डाळ घेऊन. शेडच्या भिंतीवर कावळ्याचा घास ठेवला, त्याला डाळ-तूप घातलं. मग शेजारी दुसरा ठेवला, पण कोरडाच, आणि पळी माझ्या हातात दिली.

"तू वाढ," म्हणाली. "उपाशी तू ठेवलंस."

जिवाणूंना तोंड नसतं, भूक नसते, हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. मी डाळ वाढली. वर तूप घातलं. आणि आणखी एक पळी.