जाळीतून पाणी

नरसी गावाच्या अलीकडे, भर दुपारी, मेंढ्यांनी खच्चून भरलेला ट्रक बंद पडला होता. त्या मेंढ्या पुढे बंदरावरून जहाजाने परदेशी जाणार होत्या. त्यांचे हाल पाहून जमलेले लोक ड्रायव्हरला शिव्या देत होते. मी पोलिसांना फोन केला. तेवढ्यात तांड्यावरची एक म्हातारी घागर घेऊन आली. चाकावर चढून तिने जाळीतून हात घातले आणि ती ओंजळीने एकेकीला पाणी पाजू लागली.

"आजी, पोलीस येऊन राहिलेत," मी म्हणालो.

"येऊ दे की. पर तवर ह्यांनी तहान कुठं ठेवावी?"

मग मीही घागरी भरून आणल्या. पोलिसांनी कागद पाहिले आणि दुरुस्त झालेला ट्रक जाऊ दिला. मी संतापलो. आजी मात्र ड्रायव्हरला समजावत होती, "नरसीत हापसा हाय लेकरा. तिथं थांब, पुन्हा पाज."

"व्हय, आजी," तो म्हणाला. त्या दुपारी त्याच्याशी नीट बोललेली ती एकटीच.